मॉड्युलर गिटार अ‍ॅम्प घेताय? कंपनीने लाइन बंद केली तरी वाजत राहील असा कसा निवडायचा आणि कसा सांभाळायचा

प्रीअ‍ॅम्प, म्हणजे आवाजाची चव ठरवणारा पुढचा भाग, मॉड्यूल म्हणून काढून बदलता येणारा अ‍ॅम्प घेऊ का, असं कोणी विचारलं की मागोमाग दुसरा प्रश्न येतोच, उद्या कंपनीने ही लाइन बंद केली तर हातात काय उरणार? मी बरीच वर्षं असाच अ‍ॅम्प वापरतोय, माझी चॅसी, म्हणजे मॉड्यूल ज्यात बसतात तो मूळ डबा, बनवणं कधीच थांबलंय आणि तरी ती आठवड्यातून चार दिवस वाजते. त्यामुळे सरळ सांगतो, ही सिस्टीम एक दिवस बंद पडणार असं धरूनच घ्या. नवीन मॉड्यूल एकही येणार नाही असं समजूनसुद्धा घ्यावासा वाटत असेल तर बिनधास्त घ्या, आणि "पुढे अजून मॉड्यूल येतील तेव्हा मजा येईल" या आशेवर घेत असाल तर थांबा.

असं का म्हणतोय ते जरा मागे जाऊन बघू. ही कल्पना काही नवी नाही, १९८०च्या दशकात सीमोर डंकन कंपनीचा कन्व्हर्टिबल नावाचा अ‍ॅम्प होता, त्यात प्रीअ‍ॅम्पची छोटी मॉड्यूल काढून दुसरी लावता यायची. तो बंद झाला. मग ब्रूस एग्नेटर यांची मॉड्युलर डिझाइन आली आणि २०००च्या दशकात रँडलने ती एमटीएस म्हणजे मॉड्युलर ट्यूब सिस्टीम या नावाने मोठ्या प्रमाणावर विकली. आरएम४ हा चार खणांचा (खण म्हणजे मॉड्यूल सरकवायची जागा) रॅक प्रीअ‍ॅम्प, आरएम१०० हा तीन खणांचा हेड म्हणजे स्पीकर नसलेला पूर्ण अ‍ॅम्प, शिवाय कर्क हॅमेट, जॉर्ज लिंच, स्कॉट इयन या गिटारवादकांच्या नावाची मॉड्यूल. तीही लाइन बंद झाली. आणि मग एग्नेटर यांच्याच कामातून सिनर्जी ही सिस्टीम उभी राहिली, जिच्यात फ्रीडमन, सोल्डानो, डिझेल, बोग्नर, एंगल, फ्रायेट अशा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या अ‍ॅम्पवाल्यांची मॉड्यूल एकाच खणात बसतात. हे मला अजूनही भारी वाटतं. पण प्रत्येक वेळी कनेक्टर, खण आणि पिनांची मांडणी एकाच घराच्या ताब्यात राहिली, आणि त्या घराने ठरवलं की सगळं थांबतं.

आता कामाला लागू.

सगळ्यात आधी चॅसीत काय असतं आणि मॉड्यूलमध्ये काय असतं हे डोक्यात पक्कं करा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच आहेत. चॅसीत असतो मेन्स ट्रान्सफॉर्मर, फिल्टर कपॅसिटर, खणांमधलं स्विचिंग, इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्पनंतर सेंडमधून सिग्नल बाहेर काढून रिटर्नमधून पॉवर सेक्शनला परत द्यायची सोय), आणि पूर्ण हेड असेल तर पॉवर ट्यूब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर. मॉड्यूलमध्ये असतात दोन १२एएक्स७ या प्रीअ‍ॅम्प ट्यूब, गेन, टोन कंट्रोल आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. बस्स. मॉड्यूल चॅसीकडून मागतं तरी काय, तर ट्यूबच्या प्लेटसाठी काहीशे व्होल्ट डीसी, हीटरचा (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेचा) पुरवठा, ग्राउंड, सिग्नल आत, सिग्नल बाहेर आणि स्विचिंगच्या एक-दोन तारा.

आणि दोन मॉड्यूलमध्ये फरक किती असतो हे कळलं ना की भीती बरीच कमी होते. ब्लॅकफेस या जुन्या फेंडर अ‍ॅम्पच्या टोन स्टॅकमध्ये, म्हणजे ट्रेबल-मिड-बासच्या सर्किटमध्ये, स्लोप रेझिस्टर १०० किलोओहमचा आणि ट्रेबल कपॅसिटर २५० पिकोफॅरडचा, प्लेक्सी या जुन्या मार्शलमध्ये तेच ३३ किलोओहम आणि ५०० पिकोफॅरड, आणि ब्लॅकफेसमध्ये हा टोन स्टॅक पहिल्या स्टेजनंतर लगेच तर मार्शलमध्ये कॅथोड फॉलोअर नावाच्या पुढच्या ट्यूब स्टेजनंतर. तेवढ्याने एक स्वच्छ, मधे खोलगट आवाज देतो आणि दुसरा मिडमध्ये छाती काढून उभा राहतो. मार्शल २२०३ मध्ये एका स्टेजच्या कॅथोडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून ती स्टेज मुद्दाम थंड, म्हणजे कमी करंटवर, ठेवली जाते, सोल्डानो एसएलओ-१०० मध्ये त्याच जागी ३९ किलोओहम, आणि त्या एका भागावर हाय गेनच्या आवाजाची एक अख्खी पिढी उभी आहे. म्हणजे मॉड्यूल ही काही जादूची पेटी नाही, सर्किट हातात असेल तर कुठलाही ट्यूबवाला चांगला टेक्निशियन ते दुरुस्त करू शकतो. मला स्वतःला सर्किट वाचायला लागल्यावरच या सिस्टीमवर खरा विश्वास बसला.

जे बदलत नाही तेही लक्षात ठेवा. व्हॉक्स एसी३० चा आवाज बराचसा त्याच्या पॉवर सेक्शनमध्ये आहे, चार ईएल८४ पॉवर ट्यूब आणि निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे देऊन आवाज घट्ट ठेवणं) नाही. त्याच्या नावाचं मॉड्यूल ६एल६ या दुसऱ्या पॉवर ट्यूबवाल्या, फीडबॅक असलेल्या चॅसीत घातलंत तर प्रीअ‍ॅम्पची चव येते पण बोटाखाली ते जे दबणं आणि उसळणं जाणवतं ते येत नाही. काही चॅसींवर प्रेझेन्स आणि डेन्सिटी असे नॉब असतात, त्यांनी पॉवर सेक्शन थोडा मोकळा किंवा घट्ट करता येतो, ते नक्की वापरा. स्पीकर तर यातलं काहीच ऐकत नाही, चार मॉड्यूल बदलून जेवढा फरक पडत नाही तेवढा कधीकधी एक स्पीकर बदलून पडतो.

काय घ्यायचं

माझं मत ठाम आहे: आज सुरुवात करत असाल तर खणांची डॉक (पॉवर अ‍ॅम्प नसलेला, फक्त मॉड्यूल चालवणारा डबा) वेगळी आणि पॉवर अ‍ॅम्प वेगळा घ्या. एका खणाची किंवा दोन खणांची डॉक, सिनर्जीत बोलायचं तर एसवायएन-१ किंवा एसवायएन-२ सारखी, आणि मागे कुठलाही पॉवर अ‍ॅम्प, किंवा तुमच्याकडे आधीच असलेल्या अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपचा रिटर्न. अख्खा हेड दिसायला देखणा असतो हे मान्य, पण त्यात मॉड्यूलची सिस्टीम आणि पॉवर सेक्शन एकाच ट्रान्सफॉर्मरला टांगलेले असतात, तो गेला की दोन्ही एकदम गप्प. वेगवेगळं असेल तर सिस्टीम बंद पडली तरी पॉवर अ‍ॅम्प आयुष्यभर कामाचा राहतो आणि पॉवर अ‍ॅम्प जळला तर डॉक दुसऱ्या कशालाही जोडता येते.

मॉड्यूल किती घ्यायची, तर कागद घ्या आणि गेल्या दोन महिन्यांत जी गाणी खरोखर वाजवलीत ती लिहा, प्रत्येकासमोर कुठला आवाज लागला ते लिहा. बहुतेकांचं तीनात भागतं, एक स्वच्छ, एक मधला कुरकुरणारा, एक पूर्ण गेनचा. सिनर्जीच्या एका मॉड्यूलमध्ये दोन चॅनल असतात त्यामुळे तिथे तर दोन मॉड्यूलमध्येच काम होतं. मीही सुरुवातीला हावरटासारखी मॉड्यूल जमवली होती, त्यातली निम्मी कपाटातच राहायची, आणि कपाटातल्या मॉड्यूलचं सगळ्यात वाईट म्हणजे ते बिघडलंय हे वर्षभर कळत नाही.

जुन्या एमटीएसची मॉड्यूल नव्या डॉकमध्ये किंवा उलट वापरायचा विचार असेल तर दोन्ही एकाच वंशातली आहेत म्हणून डोळे झाकून जाऊ नका, जुनं मॉड्यूल एक चॅनलचं, नवं दोन चॅनलचं, त्यामुळे स्विचिंग तसंच्या तसं मिळेलच असं नाही. तुमच्या नेमक्या मॉडेलचं नाव घेऊन निर्मात्याचं मॅन्युअल बघा आणि शक्य असेल तर दोन्ही समोर ठेवून वाजवूनच घ्या.

वापरलेली चॅसी तपासताना

इथे घाई करू नका, कारण या अ‍ॅम्पच्या भविष्याचा खरा प्रश्न इथेच आहे. ट्यूब मिळतात, पॉट मिळतात, कपॅसिटर मिळतात, पण चॅसीतला तो कनेक्टर आणि त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर सहज मिळत नाही.

एक चांगलं चालणारं मॉड्यूल घ्या आणि तेच एक मॉड्यूल प्रत्येक खणात फिरवून वाजवा. प्रत्येक वेळी अ‍ॅम्प बंद करून, थोडं थांबून, मगच मॉड्यूल काढायचं. चालू असताना उपसायचं नाही, कनेक्टरवर काहीशे व्होल्ट असतात आणि उपसताना ठिणगी पडली तर पिनेचा मुलामा जातो, पुढे तोच खण कुरकुरायला लागतो. सगळ्या खणांत आवाज सारखाच यायला हवा. एका खणात तो बारीक किंवा खरखरीत आला तर मॉड्यूल दोन-तीनदा आत-बाहेर करून परत ऐका. सुधारला तर पिनांवर मळ आहे, काळजीचं कारण नाही. नाही सुधारला तर सोल्डर तडकलंय किंवा रिले (खण बदलणारा छोटा विजेचा स्विच) गेलाय, त्यासाठी चॅसी उघडावी लागणार हे धरून चाला.

माझ्या चॅसीचा मधला खण असाच मेला होता. मी आठवडाभर ट्यूब बदलत बसलो, मॉड्यूल बदलली, केबल बदलल्या, आणि शेवटी टेक्निशियनने भिंगातून दाखवलं की कनेक्टरच्या एका पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर गेलीय. वर्षानुवर्षं मॉड्यूल दाबून बसवताना तो बोर्ड दर वेळी थोडा वाकत होता. तेव्हापासून मी मॉड्यूल काढताना-घालताना दुसऱ्या हाताने पुढच्या पट्टीला आधार देतो, सरळ रेषेत सरकवतो, कधीही तिरकं हलवून ओढत नाही.

दुसरी तपासणी लूपची, ही सगळ्यांना माहीत असायला हवी. कुठलंही पेडल किंवा प्रीअ‍ॅम्प घेऊन सिग्नल थेट इफेक्ट्स रिटर्नमध्ये द्या. तिथे आवाज निरोगी असेल तर पॉवर सेक्शन ठीक आहे. मग गिटार पुढे लावा आणि सेंडमधून सिग्नल दुसऱ्या अ‍ॅम्पच्या रिटर्नला द्या, तिथे आवाज बरोबर आला तर मॉड्यूल आणि खण ठीक. दहा मिनिटांत कळतं दोष कुठल्या अर्ध्या भागात आहे. आणि हे सगळं करताना पॉवर अ‍ॅम्पला स्पीकर किंवा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी अ‍ॅम्पची ताकद झेलणारा डबा) जोडलेला असलाच पाहिजे. ट्यूब पॉवर अ‍ॅम्प लोडशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो आणि तो गेला म्हणजे सगळ्यात महागडा भाग गेला.

मग गुणगुण ऐका. मॉड्यूलचा मास्टर शून्यावर ठेवूनही जाड घुं येत असेल तर फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत असं समजा, एमटीएसच्या पहिल्या काळातल्या चॅसी आता त्या वयात आल्याच आहेत. बदलता येतात, पण टेक्निशियनकडूनच बदलून घ्या. अ‍ॅम्प बंद करून प्लग काढला तरी ते कपॅसिटर जीवघेणा चार्ज धरून ठेवू शकतात, हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात

चॅसी आणि प्रत्येक मॉड्यूलचे फोटो काढा, पुढून, मागून आणि टेक्निशियनकडे उघडलं जाईल तेव्हा आतूनही. मॅन्युअल आणि सर्किट डायग्राम मिळतोय तोपर्यंत उतरवून ठेवा, लाइन बंद झाली की निर्मात्याकडची पानं सगळ्यात आधी गायब होतात. कनेक्टरच्या कुठल्या पिनेवर काय आहे आणि किती व्होल्ट आहेत हे टेक्निशियनकडून एकदा मोजून लिहून घ्या. तो एक कागद असेल तर दहा वर्षांनी कोणीही तुमच्या मॉड्यूलसाठी नवीन डॉक बांधून देऊ शकतो, नसेल तर त्याला अंदाजाने सुरुवात करावी लागते. फ्यूजचं रेटिंगही त्याच कागदावर.

डॉक बांधायची वेळ आलीच तर एक हिशोब सांगून ठेवतो. १२एएक्स७ चा हीटर ६.३ व्होल्टला ३०० मिलिअ‍ॅम्पिअर घेतो. एका मॉड्यूलमध्ये दोन ट्यूब, चार खण भरले की आठ, म्हणजे नुसत्या हीटरला २.४ अ‍ॅम्पिअर. त्या मानाने प्लेटचा करंट अगदी थोडा, ट्यूबमागे दोन-तीन मिलिअ‍ॅम्पिअर. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर निवडताना लोक व्होल्टेज बघतात आणि हीटरच्या करंटमध्ये फसतात. एका खणाची डॉक म्हणूनच बांधायला सोपी आणि थंड चालणारी.

ट्यूबची चिंता मी फार करत नाही. १२एएक्स७, म्हणजेच ईसीसी८३, आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनते. २०२२ साली रशियातल्या निर्यातबंदीच्या बातमीने सगळ्यांची धावपळ झाली, किमती चढल्या, मग पुरवठा परत सुरू झाला. प्रीअ‍ॅम्प ट्यूब वर्षानुवर्षं चालते, मॉड्यूल जितकी आहेत तितक्या जादा ट्यूब जवळ असल्या की पुरे. नवीन ट्यूब लावली की अ‍ॅम्प चालू ठेवून पेन्सिलच्या टोकाने हलकेच टिचकी मारा, स्पीकरमधून घंटेसारखा आवाज घुमला तर ती पहिल्या स्टेजला नको, मागच्या जागी टाका.

पिना वर्षातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, प्लग काढून आणि चॅसी थंड झाल्यावर. क्लीनर थेट खणात फवारू नका, न धागे सुटणाऱ्या कापडावर घेऊन मॉड्यूलच्या बाजूने पुसा. सँडपेपर किंवा खोडरबर अजिबात नाही.

आवाजाची प्रत काढून ठेवा

हे काही जणांना पटत नाही, मला मात्र पूर्ण पटलंय. अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या ज्या डिजिटल वस्तूंमुळे मॉड्युलर अ‍ॅम्पचं भविष्य अंधुक झालंय, केम्पर, फ्रॅक्टल, क्वाड कॉर्टेक्स, त्याच आपल्या उपयोगाला येतात. प्रत्येक मॉड्यूलच्या तुमच्या आवडत्या दोन-तीन सेटिंगची कॅप्चर, म्हणजे त्या आवाजाची डिजिटल प्रत, करून ठेवा. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे कॅप्चरचं सॉफ्टवेअर तर ओपन सोर्स आहे, त्यामुळे एखादी कंपनी बुडाली म्हणून ती फाइल निकामी होण्याची भीती कमी. सेंडमधून फक्त प्रीअ‍ॅम्पचं एक कॅप्चर आणि लोड बॉक्समधून पूर्ण अ‍ॅम्पचं दुसरं, अशी दोन्ही घ्या. कॅप्चरमध्ये नॉब फिरवल्यावर सर्किट जसं वागतं तसं सगळं येत नाही, म्हणून ते मूळ वस्तूची जागा घेईल असं मी म्हणणार नाही. पण कार्यक्रमाच्या दिवशी खण मेला तर तो आवाज तुमच्याकडे असेल, आणि दुरुस्तीनंतर मॉड्यूल पूर्वीसारखं वाजतंय का हे ताडून बघायला खूण मिळेल. मी दुरुस्तीनंतर दर वेळी असंच ताडून बघतो.

पुढे काय होईल याची लक्षणं

मला युरोरॅक या मॉड्युलर सिंथच्या पद्धतीचं उदाहरण नेहमी आठवतं. डीटर डोएप्फर यांनी १९९०च्या दशकात सिंथसाठी मॉड्यूलचं माप आणि वीजपुरवठा ठरवला, माहिती उघड ठेवली, आणि आज असंख्य छोटे बनवणारे त्या मापात मॉड्यूल करतात. गिटार अ‍ॅम्पमध्ये तसं झालं नाही त्याचं एक प्रामाणिक कारण आहे, युरोरॅकमध्ये अधिक-उणे १२ व्होल्ट असतात आणि आपल्या खणात काहीशे. कोणीही उठून घरी बनवलेलं मॉड्यूल दुसऱ्याच्या चॅसीत घातलं आणि काही जळलं तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न खरा आहे. तरी माझी मनापासून इच्छा आहे की निर्मात्यांनी निदान पिनांची मांडणी आणि करंटच्या मर्यादा छापून टाकाव्यात, टेक्निशियन लोकांना तेवढं पुरेल.

तोपर्यंत काय बघायचं, तर नवीन मॉड्यूल किती आली यापेक्षा नवीन चॅसी किंवा डॉक येतेय का ते बघा. मॉड्यूल बनवणं स्वस्त, चॅसी बनवणं मोठी गुंतवणूक. नवीन चॅसी येणं थांबलं आणि फक्त मॉड्यूलचे रंग आणि नावं बदलायला लागली की समजा उतार सुरू झालाय. दुसरं, सुटे भाग मागून बघा, एक खणाचा कनेक्टर किंवा रिले बोर्ड मिळेल का असं निर्मात्याला लिहून विचारा, उत्तर काय आणि किती दिवसांत येतं त्यावरून बरंच कळतं. तिसरं, तुमच्या मॉड्यूलचा मूळ बनवणारा तोच आवाज ट्यूब प्रीअ‍ॅम्प पेडलच्या रूपात वेगळा विकायला लागला का. व्हिक्टरीसारख्या अ‍ॅम्प कंपन्यांनी ट्यूब असलेली प्रीअ‍ॅम्प पेडल आणलीत, त्यांना कुठलाही खण लागत नाही, आणि मला वाटतं खरी स्पर्धा तिथून आहे, डिजिटलकडून तेवढी नाही.

आणि लाइन बंद होतेय अशी बातमी आलीच, तर सगळे जण मॉड्यूल गोळा करायला धावतील तेव्हा तुम्ही दुसरी चॅसी किंवा एका खणाची डॉक शोधा. हिशोब सोपा आहे, प्रत्येकाकडे चॅसी एक आणि मॉड्यूल चार-पाच असतात, चॅसी बिघडत जातात तशी मॉड्यूल अनाथ होत बाजारात येतात, म्हणजे मॉड्यूल पुढेही मिळत राहणार, चॅसी नाही. ती आणल्यावर तुमचं प्रत्येक मॉड्यूल तिच्यात एकदा वाजवून घ्या, पिनांचे व्होल्टेज मोजून पहिल्या कागदाशी जुळवा, आणि मग ती कपाटात विसरू नका. दोन-तीन महिन्यांतून एकदा बाहेर काढून अर्धा तास वाजवा, कारण वीज न मिळता पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कमजोर होत जातात आणि गरज पडेल त्या दिवशी तीच चॅसी घुं करत बसेल.